लग्नाच्या कार्यालयात चार फ्लॅश आणि एक ट्रिगर

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन स्पीडलाइट (सेलवर चालणारे छोटे फ्लॅश) आणि कॅमेऱ्यावर एक ट्रिगर (त्यांना वायरशिवाय उडवणारा डबा) एवढ्या सामानावर तुम्ही लग्नांचे फोटो काढता. घरी तपासलं की दोन्ही फ्लॅश व्यवस्थित उडतात. कार्यालयात गेलं की कधी एकच उडतो, कधी तुम्ही बटण न दाबताही दोन्ही उडतात, आणि टीटीएलवर (कॅमेराच मोजून फ्लॅशची ताकद ठरवतो ती पद्धत) एक फोटो पांढराफटक तर पुढचा काळा येतो. आता आणखी दोन फ्लॅश घ्यायचा विचार आहे, तर चारही एका जागेवरून कसे सांभाळायचे, ग्रुप, म्हणजे वेगवेगळे चालू-बंद करता येणारे गट, कसे पाडायचे?

नवे फ्लॅश घ्यायच्या आधी आहे ते दुखणं नीट ओळखूया, नाहीतर दोनाचं दुखणं चारांना लागेल. तुमच्या तक्रारीत खरं तर दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. फ्लॅश न उडणं किंवा भलत्या वेळी उडणं हा निरोप पोहोचण्याचा प्रश्न. पांढरा-काळा फोटो येणं हा निरोपात काय सांगितलंय त्याचा. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

आधी 'आपोआप उडतो' हे घेऊ, कारण त्याचा अनुभव मी सगळ्यात महागात घेतला आहे. एका तालुक्याच्या गावी आम्ही मुलीकडून होतो. मुलाकडच्यांनी त्यांचा फोटोग्राफर आणला होता. आपल्याकडे हे चालतंच, दोन्हीकडचे दोन अल्बम, शिवाय व्हिडिओवाले वेगळे. हळदीपासून माझे फ्लॅश अधूनमधून स्वतःच्या मनाने उडत होते. मी वायरला, बॅटरीला, उन्हाळ्याला, सगळ्यांना दोष देऊन झाला. मंगलाष्टकांच्या चौथ्या कडव्याला मागचा फ्लॅश गळपटला, सेल संपले. तेव्हा तो दुसरा मुलगाच जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, तुमचे फ्लॅश माझ्या फोटोत येतायत." दोघांचे ट्रिगर एकाच कंपनीचे, दोघांचं चॅनल (निरोपाची रेडिओ वाट) १, दोघांचा ग्रुप ए. डबा उघडल्यावर जे होतं तेच दोघांनी कधी बदललं नव्हतं. सकाळपासून त्याने जेवढे फोटो काढले, तेवढे माझे सेल जळत होते.

तेव्हापासून कार्यालयात पोहोचल्यावर बॅग उघडायच्या आधी मी समोरच्या फोटोग्राफरकडे जातो, नमस्कार करतो आणि चॅनल विचारतो. गोडॉक्स या फ्लॅश कंपनीच्या एक्स नावाच्या रेडिओ पद्धतीत ३२ चॅनल आहेत आणि त्याखाली १ ते ९९ असा आयडी (ओळखीचा आकडा) देता येतो. चॅनल आणि आयडी दोन्ही जुळल्याशिवाय फ्लॅश ऐकत नाही. कॅनॉनच्या रेडिओ पद्धतीत १५ चॅनल आणि चार आकडी आयडी आहे. म्हणजे गर्दी कितीही असली तरी जागेची टंचाई नाही, फक्त कारखान्यातून आलेला १ बदलायला हवा. आयडी ट्रिगरवर आणि प्रत्येक फ्लॅशवर, दोन्हीकडे सारखा टाकायचा. काही जुन्या फ्लॅशमध्ये आयडीची सोयच नसते. असा एक जरी जुना फ्लॅश तुमच्या संचात असेल तर आयडी बंद ठेवून फक्त चॅनल बदलावं लागतं. मी प्रत्येक फ्लॅशच्या पोटावर पांढरी पट्टी चिकटवून त्यावर चॅनल आणि ग्रुप पेनने लिहिला आहे. मदतनीस नवा असला तरी त्याला वाचता येतं, आणि अंधारात मलाही.

आपोआप उडण्याचं दुसरं कारण म्हणजे फ्लॅश चुकून ऑप्टिकल स्लेव्हवर राहिलेला असतो. पडद्यावर एस १ किंवा एस २ दिसतं ते हेच. त्यात रेडिओचा संबंध नाही, दुसरा कुठलाही फ्लॅश डोळ्यासमोर चमकला की हा उडतो. एस १ पहिल्याच चमकेला उडतो. एस २ टीटीएलची आधीची छोटी चमक सोडून देतो आणि खऱ्या चमकेला उडतो. स्टुडिओत ही फार सोयीची गोष्ट आहे. लग्नात स्टेजसमोर चार जण फ्लॅश मारत असतात, तिथे एस १ वर ठेवलेला फ्लॅश म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं.

इथे थोडं जुनं सांगतो, कारण अजूनही बरेच जण 'फ्लॅशला कॅमेरा दिसला पाहिजे' असं शिकवतात. २००३ च्या सुमारास निकॉनने जी वायरलेस पद्धत आणली ती प्रकाशाच्या इशाऱ्यावर चालायची. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बारीक चमका मारून बाकीच्यांना हुकूम द्यायचा. त्या काळी ती जादूच होती. बंद खोलीत भिंतींवरून इशारा परतून पोहोचायचा, पण लॉनवर उन्हात किंवा खांबाआड फ्लॅश ठेवला की संपलं. कॅनॉनने २०१२ मध्ये रेडिओ असलेला ६०० ईएक्स-आरटी आणला, आणि पुढे स्वस्त चिनी फ्लॅशमध्येही रेडिओ आतच बसून आला. रेडिओला दिसण्याची गरज नाही. पडद्यामागे, खांबामागे, गॅलरीत, कुठेही ठेवा.

तरीही तुमचा एक फ्लॅश मधूनच उडत नाही. का?

हे बहुतेक ट्रिगर २.४ गीगाहर्ट्झवर चालतात. वायफाय, ब्लूटूथ, व्हिडिओवाल्याचा कॉलरला लावायचा बारीक वायरलेस माइक, हे सगळं त्याच पट्ट्यात. शिवाय ही लहर पाणी शोषून घेतं, आणि माणूस म्हणजे बरंचसं पाणीच. रिकाम्या कार्यालयात सकाळी १० वाजता तुम्ही टेस्ट केली तेव्हा सगळं उडालं. १२ वाजून ३५ मिनिटांच्या मुहूर्ताला स्टेजवर साठ माणसं चढली, सगळे वधूवरांभोवती कडं करून उभे, आणि तुमचा फ्लॅश त्यांच्या कमरेच्या उंचीवर मागे. शंभर मीटरची रेंज खोक्यावर लिहिलेली असते ती मोकळ्या मैदानातली. माणसांच्या भिंतीत तीस फुटांवरही निरोप अडकतो.

उपाय साधा आहे. फ्लॅश डोक्यांच्या वर न्या. स्टँड सात-आठ फुटांपर्यंत उचलला की प्रकाशही बरा पडतो आणि रेडिओलाही वाट मिळते. लोखंडी ट्रसला किंवा स्टेजच्या पत्र्याला फ्लॅश चिकटवून ठेवू नका, हातभर लांब ठेवा. लाइव्ह दाखवणाऱ्यांचा राउटर हल्ली स्टेजच्या कडेलाच ठेवलेला असतो. त्याच्या शेजारी तुमचा स्टँड नको. काही ट्रिगरमध्ये रिकामं चॅनल शोधून देणारी स्कॅनची सोय असते. ती पाहुणे येण्याआधी वापरू नका, हॉल भरल्यावर वापरा, कारण पाचशे मोबाइल येण्याआधीची हवा आणि नंतरची हवा वेगळी.

याच्या उलटा एक गमतीचा प्रकार आहे. फ्लॅश ट्रिगरच्या अगदी जवळ, हातभर अंतरावर असला तरी कधीकधी उडत नाही. सिग्नल इतका जोरात येतो की फ्लॅशचा कान दबतो. गोडॉक्सच्या ट्रिगरमध्ये त्यासाठी ० ते ३० मीटर आणि १ ते १०० मीटर अशी निवड आहे. कार्यालयात मी कायम ० ते ३० वर ठेवतो.

आणि हे सगळं बघायच्या आधी ट्रिगरचा पाय बघा. हॉट शूमध्ये (कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅश बसवायची खाच) तो पूर्ण आत सरकला आहे का, कड्याने आवळला आहे का. घामाने आणि हळदीने मधला ठिपका मळतो, कोरड्या कापडाने पुसा. मिररलेस कॅमेरा असेल तर सायलेंट शटर बंद आहे ना? बहुतेक कॅमेऱ्यांत ते चालू असलं की फ्लॅशला हुकूमच जात नाही. मंगलाष्टकात आवाज नको म्हणून चालू केलेलं सायलेंट रिसेप्शनपर्यंत तसंच राहिल्याचं मी पाहिलं आहे. तुमच्याकडे कॅनॉनचा २०० डी मार्क २ असेल तर त्याच्या शूमध्ये मधला ठिपकाच नाही. एका पिनेवर चालणारे साधे मॅन्युअल ट्रिगर त्यावर उडणारच नाहीत. ट्रिगर घेताना कॅमेरा दुकानात घेऊन जा.

आता ग्रुप. माझं म्हणणं इथे इतरांपेक्षा थोडं वेगळं आहे. पुस्तकी पद्धत अशी की ए म्हणजे मुख्य दिवा, बी म्हणजे फिल (सावल्या भरून काढणारा), सी म्हणजे मागचा. स्टुडिओत ते बरोबर आहे, कारण तिथे माणूस एका जागी बसतो. लग्नात तुम्ही फिरता. स्टेजच्या समोरून काढलं तेव्हा जो मागचा दिवा होता, तोच तुम्ही होमाच्या पलीकडे गेलात की पुढचा होतो. मग डोक्यात गोंधळ. म्हणून मी ग्रुप कामावरून पाडत नाही, जागेवरून पाडतो. प्रेक्षकांकडून स्टेजकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताचा ए, उजव्या हाताचा बी, स्टेजच्या मागचा किंवा गॅलरीतला सी, आणि माणसाच्या हातातला चालता दिवा डी. दर लग्नात हेच. बारा वर्षांत बदललं नाही, त्यामुळे बोटांना पाठ आहे. मी होमाच्या पलीकडे गेलो की मला फक्त एवढंच ठरवायचं असतं की आत्ता माझ्या फ्रेममध्ये कुठला दिवा घुसतोय. तो बंद, बाकीचे चालू.

म्हणजे बघा, समारंभ चालू असताना ट्रिगरवर माझं नव्वद टक्के काम ग्रुप बंद-चालू करण्याचं असतं. पॉवर मी क्वचित बदलतो. नवीन मुलं ट्रिगरच्या पडद्यात डोकं घालून आकडे फिरवत बसतात आणि तेवढ्यात वडिलांच्या डोळ्यातलं पाणी निघून जातं.

पॉवर बदलावी लागत नाही, कारण स्टँडवरचे दिवे मी मॅन्युअलवर ठेवतो, म्हणजे ताकद हाताने एकदा ठरवून. तुमचा पांढरा-काळा फोटो टीटीएलमुळे आहे, आणि त्यात टीटीएलचा दोष नाही. टीटीएल खऱ्या चमकेच्या आधी एक छोटी चमक मारून परत आलेला प्रकाश मोजतं. नवरीची जरीची नऊवारी, तिच्यावरून उसळणारी चमक बघून ते घाबरतं आणि पॉवर कमी करतं, फोटो काळा. पुढच्या क्षणी काळी शेरवानी घातलेला नवरा फ्रेममध्ये मोठा आला, ते म्हणतं अंधार आहे, आणि पॉवर चढवतं. पांढरा. मागे एलईडी वॉल असेल तर तिसराच तमाशा. पण स्टेजवरचा दिवा हलत नाही, वधूवरांचा कोच हलत नाही, मग दिव्यापासून कोचापर्यंतचं अंतर सारखंच. अंतर सारखं तर प्रकाश सारखा. मोजायचं कशाला परत परत?

आकडे सांगतो, पण ते जसेच्या तसे उचलू नका, तुमच्या छत्रीवर आणि छतावर अवलंबून आहेत. स्टेजच्या दोन्ही कडांना साधे स्पीडलाइट, पांढऱ्या छत्रीतून, कोचापासून बारा-तेरा फूट. कॅमेऱ्यावर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ८००, ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ ४, शटर १/१०० सेकंद. अशा वेळी माझे दिवे पूर्ण ताकदीच्या १/८ आणि १/१६ च्या दरम्यान बसतात. लांबलचक कुटुंबाचा ग्रुप फोटो आला की एफ ५.६ करतो आणि दोन्ही ग्रुप एक पायरी (म्हणजे दुप्पट प्रकाश) वर नेतो. एवढंच. १/१६ वर फ्लॅश जवळपास लगेच भरतो, १/१ वर लिथियम बॅटरीच्या फ्लॅशलाही साधारण दीड सेकंद लागतो आणि साध्या सेलवर त्याहून जास्त. दीड सेकंदात अक्षता पडून जातात. म्हणून पॉवर कमी पडते असं वाटलं तर आधी आयएसओ वाढवा, फ्लॅशला पूर्ण ताकदीवर पळवू नका. सलग पूर्ण पॉवरवर उडवलेला फ्लॅश तापतो आणि स्वतःला वाचवायला मंद होतो किंवा थांबतो. मे महिन्यात पत्र्याच्या मांडवात हे फार लवकर होतं.

शटर १/१०० का, तर आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्यावरचे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. १/१०० वर एक पूर्ण चक्र पकडलं जातं आणि पार्श्वभूमी फोटोगणिक बदलत नाही.

ग्रुप फोटोत एक चूक सर्रास होते, तिचा वायरलेसशी थेट संबंध नाही पण तुमच्या चार दिव्यांचा उपयोग त्यावरच ठरेल. दिवा रांगेच्या अगदी कडेला, जवळ ठेवतात. कडेची आत्या दिव्यापासून सहा फुटांवर आणि दुसऱ्या टोकाचा मामा अठरा फुटांवर. अंतर तिप्पट, म्हणजे मामावर प्रकाश नऊ पट कमी, तीन पायऱ्यांहून जास्त फरक. तोच दिवा नऊ फूट मागे नेला तर आत्या पंधरावर, मामा सत्तावीसवर, फरक दोन पायऱ्यांच्या आत येतो. आणि डाव्या दिव्याचं तोंड उजव्या टोकाकडे, उजव्याचं डाव्या टोकाकडे वळवा. जवळच्या माणसावर छत्रीची कड येते, लांबच्यावर मधला भाग. मग आत्या गोरी आणि मामा काळा हा जुना घरगुती वाद तरी आपल्या अल्बममुळे उकरला जाणार नाही.

सी ग्रुपवर मी सगळ्यात जास्त जीव टाकतो. अंतरपाट धरलेला आहे, 'शुभमंगल सावधान' होतं, पाट खाली येतो आणि अक्षतांचा पाऊस पडतो. समोरून कितीही चांगला प्रकाश दिला तरी तांदूळ दिसत नाही. तो कुंकवाने माखलेला दाणा लोकांच्या कपड्यांत, फुलांत मिसळून जातो. मागून, वरून दिवा आला की प्रत्येक दाण्याला कड मिळते. बऱ्याच जुन्या कार्यालयांना पहिल्या मजल्यावर गॅलरी असते. तिच्या कठड्याला मी क्लॅम्पने एक फ्लॅश बांधतो, छत्री नाही, झूम २०० वर, तोंड खाली स्टेजच्या मध्यावर. चाळीस फुटांवरून आयएसओ ८०० आणि एफ ४ ला साधारण १/८ पॉवर लागते. कमी पॉवरवर चमक फार थोडा वेळ टिकते, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, त्यामुळे दाणे हवेत टाचून ठेवल्यासारखे येतात. शटर १/१०० असूनही. एकदा ए आणि बी दोन्ही एक पायरी खाली घेऊन फक्त सी मूळ पॉवरवर ठेवून बघा, मुंडावळ्यांच्या मोत्यांपासून गुरुजींच्या शेंडीपर्यंत सगळ्याला रेष येते. होमाचा धूरही मागच्या दिव्यातच दिसतो, पुढच्या दिव्यात तो नुसता धुरकटपणा होऊन चेहऱ्यावर बसतो. म्हणून होम पेटला की ए किंवा बी, जो धुरासमोर असेल तो, मी बंद करतो.

गॅलरीतला फ्लॅश क्लॅम्पखेरीज एका जाड दोरीने कठड्याला वेगळा बांधा. खाली माणसं आहेत.

टीटीएल मी पूर्ण टाकलेलं नाही. जिथे दिवा आणि माणूस यांच्यातलं अंतर सारखं बदलतं तिथे ते कामाचं आहे. कॅमेऱ्यावर बसवलेला, छतावर बाउन्स केलेला (छताकडे तोंड करून प्रकाश उसळवलेला) फ्लॅश टीटीएलवर ठेवतो, दोन पायऱ्या खाली, नुसता डोळ्यांत जीव यायला. मांडवाचं कापड केशरी किंवा गुलाबी असेल तर बाउन्स अजिबात नको, नवरी हळदीतून उठलेलीच नाही असं वाटतं. काही ट्रिगरमध्ये टीटीएलने मोजलेली पॉवर एका बटणाने मॅन्युअल आकड्यात बदलता येते. नवीन हॉलमध्ये सुरुवातीचा अंदाज घ्यायला ते उत्तम. गुरुजी पूजा मांडत असतात तेव्हा त्यांच्यावर एक फोटो टीटीएलने काढायचा, आकडा पकडायचा, आणि मग तो तिथेच कुलूपबंद.

तीच वेळ टेस्टची. फक्त ए चालू, एक फोटो. फक्त बी, एक फोटो. फक्त सी. मग सगळे. तीन मिनिटं लागतात. सगळे एकदम उडवून 'झकास' म्हणणाऱ्याला कळतच नाही की बी उडलेलाच नाही, ए ने दोघांचं काम ओढलं आहे.

लॉनवरच्या गोरज मुहूर्ताचं वेगळं सांगतो, कारण तिथे बहुतेक जण अडकतात. सूर्य बुडतोय, दर पाच मिनिटांनी उजेड उतरतोय, आणि मंगलाष्टका मात्र आरामात चालल्या आहेत, प्रत्येक आत्याला आपली रचना म्हणायची असते. उजेड कमी झाला की हात आपसूक आयएसओकडे जातो. आयएसओ वाढवला की आभाळाबरोबर फ्लॅशही वाढतो, चेहरे पांढरे. मग फ्लॅश कमी करा, मग परत आयएसओ. त्याऐवजी सुरुवात १/२०० वर करा, म्हणजे कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडच्या (साध्या फ्लॅशबरोबर चालणारं सगळ्यात वेगवान शटर) टोकाशी, आणि उजेड उतरेल तसं फक्त शटर खाली आणत जा, १/१६०, १/१००, १/६०. सिंकच्या आत शटरचा फ्लॅशवर परिणाम होत नाही, आभाळ तेवढं उजळत राहतं. १/६० ला पोहोचलात की मग एकदाच आयएसओ दुप्पट करा आणि सगळे ग्रुप एक पायरी खाली आणा. नव्या ट्रिगरमध्ये सगळे ग्रुप एकत्र वरखाली करायची सोय बहुधा असते, ती घरी शोधून ठेवा. शटर परत १/१२० च्या आसपास न्या, आणि पुन्हा तोच उतार. हायस्पीड सिंक, म्हणजे त्याहून वेगवान शटरवरही फ्लॅश चालवायची सोय, इथे वापरू नका. त्यात फ्लॅशची बरीच ताकद वाया जाते, दुपारच्या कपल शूटला उघड्या ॲपर्चरवर काढायचं असेल तेव्हाच ते खरं उपयोगी.

दिव्यांचा रंगही तिथेच बघून घ्या. फ्लॅश ५५०० केल्विनच्या आसपास, पांढरा. लॉनवरच्या पिवळ्या बल्बांच्या माळांत तो निळा वाटतो. फ्लॅशच्या तोंडावर पूर्ण सीटीओ कागद (केशरी रंगाचा पारदर्शक कागद) लावला की फ्लॅश ३२०० च्या जवळ जातो, मी बहुतेक वेळा अर्धा लावतो, म्हणजे माळांची ऊब शिल्लक राहते. सगळ्या फ्लॅशना सारखाच कागद, एखादा विसरला तर नवरीचा एक गाल आइस्क्रीमसारखा येतो.

वरातीत डी ग्रुप. मदतनिसाच्या हातात मोनोपॉड, त्यावर फ्लॅश. ढोल-ताशा सुरू झाला की ओरडून सांगितलेलं काहीही ऐकू येत नाही, म्हणून खुणा ठरवून ठेवा. माझ्याकडची युक्ती अशी की काठीला सहा फुटांची सुतळी बांधलेली असते. तिच्या टोकाला गाठ. मदतनिसाने सुरुवातीला एकदा ती नवऱ्याच्या घोड्यापर्यंत ताणून अंतर डोळ्यात भरून घ्यायचं आणि रात्रभर तेवढंच ठेवायचं. फ्लॅश मॅन्युअल १/१६, बास. त्याला मागे-पुढे ढकललं गेलंच तर मी माझ्या बाजूला ॲपर्चर फिरवतो. टीटीएल इथे चालेल असं वाटतं, पण बँडवाल्यांच्या गणवेशावरची चमचम आणि मागचा जनरेटरचा फोकस त्याला रडकुंडीला आणतात.

तुमच्याबरोबर दुसरा कँडिडवाला असेल आणि दोघांना तेच दिवे वापरायचे असतील तर त्यालाही तोच चॅनल, तोच आयडी. पण दोघांच्या ट्रिगरवरचे आकडे सुरुवातीलाच हुबेहूब सारखे करा आणि ठरवा की पॉवर फक्त तुम्ही बदलणार. त्याने त्याच्या ट्रिगरवर हात फिरवला तर तुमचे दिवेही फिरतात. आणि एकाच वेळी दोघांनी दाबलं तर दुसऱ्याला अर्धवट भरलेला फ्लॅश मिळतो. मुहूर्ताच्या क्षणाला मी दुसऱ्याला दिव्यांशिवाय, मिळेल त्या उजेडावर काढायला सांगतो. निदान एक संच माझ्या दिव्यांच्या भरवशावर नसतो.

मधली पंगत झाली की आल्यावर पहिलं काम फ्लॅश जागे करण्याचं. रेडिओ स्लेव्हवर, म्हणजे ट्रिगरचा हुकूम ऐकायला, ठेवलेला फ्लॅशही काही वेळाने झोपतो, गोडॉक्सच्या बऱ्याच फ्लॅशमध्ये हा वेळ ६० मिनिटांचा असतो आणि तो ३० चाही करता येतो. जेवण, मानपान, विहिणींचे फोटो यात तास कधी जातो कळत नाही. बहुतेक वेळा ट्रिगरचं टेस्ट बटण दाबलं की झोपलेले उठतात. जो उठत नाही त्याच्याकडे चालत जा. साध्या सेलवरचे फ्लॅश असतील तर पंगतीनंतर सेल बदलाच, उरलेत का ते बघत बसू नका.

राहिला खरेदीचा प्रश्न. तुमचे दोन फ्लॅश ज्या पद्धतीचे आहेत त्याच पद्धतीचे पुढचे घ्या, दोन कंपन्यांचे रेडिओ सहसा एकमेकांशी बोलत नाहीत. गोडॉक्समध्ये एक सवलत आहे, कॅनॉनसाठीचा फ्लॅश निकॉनच्या ट्रिगरवरही रेडिओने टीटीएलसकट चालतो, म्हणून कॅमेरा बदलला तरी दिवे फेकावे लागत नाहीत. स्टँडवर कायम मॅन्युअल ठेवणार असाल तर तिसरा फ्लॅश टीटीएल नसलेला, स्वस्तातला घ्या, फक्त आत रेडिओ असलेला हवा. तो सी म्हणून गॅलरीत जाईल. लॉनची कामं वाढली असतील तर चौथ्याच्या जागी एक २०० वॉट-सेकंदाचा दिवा घ्या, स्पीडलाइटच्या अडीच-तीन पट दम असतो त्यात.

पण चौथ्याच्या आधी दुसरा ट्रिगर घ्या. चारातला एक फ्लॅश मेला तर तीन उरतात, ट्रिगर मेला तर चारही स्टँडवर शोभेचे. माझा जादाचा ट्रिगर चॅनल, आयडी आणि पॉवर सगळं भरून, बंद करून, शर्टाच्या खिशात असतो. बॅगेत नाही, कारण मुहूर्ताच्या वेळी बॅग खुर्च्यांच्या सहाव्या रांगेत कोणाच्या तरी सासऱ्यांच्या पायाखाली असते.